प्रवासाची तिसरी बाजू



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठीचे पहिले निबंध लिहिले, त्याच शाळेच्या सभागृहात आज व्याख्याता म्हणून उभे राहताना मनात संकोच आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या गुरुजींनी आयुष्यात कधी व्याख्यान असे दिले नाही. ते शिकवीत, चालवीत आणि प्रश्न विचारून गप्प बसत. त्यांच्या अशाच एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे माझ्याकडून राहून गेले आहे. व्यवस्थापनाचे निमंत्रण आले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. ते राहिलेले उत्तर आज द्यावे, एवढेच ठरविले.

साल १९६६. गोवा मुक्त होऊन पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. पेडण्यात मावशीच्या घरी राहून मी शिकत होतो. दिवाळीच्या सुटीनंतर गुरुजींनी आमच्या वर्गाची सहल काढली, ती पायी. पेडणे ते नार्वे. धारगळ, कोलवाळ, थिवी, अस्नोडा, मुळगाव, डिचोली असा मार्ग. दोन दिवस जाणे, एक दिवस मुक्काम आणि दोन दिवस येणे. परतल्यावर त्यांनी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला : ‘प्रवासाचा आनंद वाटेत की मुक्कामात?’ मी नऊ पाने लिहिली. वाटेच्या बाजूने चार, मुक्कामाच्या बाजूने चार आणि दोन्हींत समतोल हवा असे सांगणारे एक पान. वही परत आली तेव्हा शेवटी लाल शाईने एवढेच लिहिलेले होते : ‘दोन बाजू चांगल्या मांडल्यास. तिसरी राहिली.’

तिसरी कोणती, हे मी विचारले नाही. त्या वयात गुण पाहायचे असतात, शेरे नव्हेत. पुढे विचारायचे धैर्य आले तेव्हा गुरुजी राहिले नव्हते.

आता त्या दोन बाजू आधी मांडतो. त्या खोट्या नव्हेत.

वाटेची बाजू मांडायला आमची सहलच पुरेशी होती. पहिल्या रात्री आम्ही एका देवळाच्या अग्रशाळेत उतरलो. उकड्या तांदळाची पेज आणि कैरीचे लोणचे, एवढेच जेवण. पायांना फोड आले होते. पण मुळगावच्या वेशीवर गुरुजींनी सात बहिणींची कथा सांगितली ती आजही कानांत आहे. केळबाय, लईराई, महामाया, मोरजाय अशा त्या बहिणी एकत्र निघाल्या आणि ज्या जिथे थांबल्या तिथल्याच झाल्या. केळबाय मुळगावात, महामाया मयेत, लईराई शिरगावात आणि मोरजाय आपल्या पेडणे महालातल्या मोरजीला. डिचोलीच्या देवी आणि पेडण्याची देवी सख्ख्या बहिणी आहेत, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हते. मोटारीने गेलो असतो तर मुळगाव ही मागे पडणारी एक पाटी ठरली असती. पायी गेलो म्हणून ते आमच्या मावशीचे गाव झाले.

मुक्कामाची बाजूही तितकीच भक्कम होती. नार्व्याला पोचल्यावर गुरुजींनी आम्हांला आधी देवळात नेले नाही. नदीच्या काठी नेले आणि मांडवीपलीकडचे दिवाडी बेट दाखविले. सप्तकोटेश्वर मूळचा तिथला. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. चौदाव्या शतकातील बहामनी आक्रमणात ते देवालय उद्ध्वस्त झाले. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने देवाची पुन्हा स्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने ते देवालय पुन्हा पाडले आणि भाविकांनी लिंग नदीपार आणून नार्व्याला ठेविले. पुढे नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार आरंभिला. तसा शिलालेख देवालयाच्या दारावर आहे. अलीकडे शासनाने त्याचे जतनकार्य केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देवालय पुन्हा दर्शनाला खुले झाले. हे सारे ऐकून आम्ही वळलो आणि आत गेलो, तेव्हा गाभाऱ्यातल्या त्या लिंगासमोर सदतीस मुले एकदम शांत झाली. ही शांतता वाटेत कोठेही मिळाली नव्हती. ती मिळविण्यासाठी पोचावेच लागले.

तेव्हा माझ्या निबंधातील दोन्ही बाजू खऱ्या होत्या. वयाबरोबर वाचन वाढले तशी वाटेची बाजू मला अधिक जवळची वाटू लागली. आपल्या वाङ्मयात आणि परंपरेत तिचे पुरावे पदोपदी सापडतात.

पेण तालुक्यातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरातून निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि भरघोस दक्षिणा मिळणार, घरचे कर्ज फिटणार, हा त्यांचा हेतू. पण वाटेत महूच्या सुमारास बंडाची वार्ता कानी आली आणि पुढचा सारा प्रवास त्या आगीतून झाला. तो यज्ञ त्यांना लाभला नाही. दक्षिणा मिळाली तीही पुन्हापुन्हा लुटली गेली. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. ठरविलेला मुक्काम हुकला, आणि जे हाती आले ते म्हणजे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक. ते त्यांनी १८८३ साली लिहिले आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. यज्ञ निर्विघ्न पार पडता, तर विष्णुभटांचे नाव आज कोणाला ठाऊक असते?

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. संत सोहिरोबानाथ आंबिये. घराणे मूळचे पेडणे महालातल्या पालये गावचे, वास्तव्य बांद्याला. जन्म १७१४. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. ते बांद्याचे कुळकर्णी होते. त्यांच्याविषयीची आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. सावंतवाडीच्या दरबारातून तातडीचे बोलावणे आले. सोहिरोबा घाईने निघाले. वाटेत रानात विसावा घ्यायला बसले आणि बरोबरचा फणस फोडला. इतक्यात एका नाथपंथी सत्पुरुषाने येऊन काही खायला मागितले. सोहिरोबांनी गरे पुढे केले आणि त्या भेटीत त्यांना अनुग्रह झाला. दरबार ठरलेल्या जागी होता, पण तिथे जाणारा कुळकर्णी उरला नव्हता. पुढे त्यांनी वृत्ती सोडली. ज्याला पोचायचे होते त्याला वाटेनेच गाठले, असे म्हणावे लागते.

आणि पंढरीची वारी. कार्तिकी असो वा आषाढी, आपल्या गोव्यातूनही वारकरी पायी निघतात. वारकरी ‘मी पंढरपूरला जातो’ असे क्वचितच म्हणतो; तो ‘वारीला जातो’ म्हणतो. गर्दीमुळे कित्येकांना विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता येत नाही. ते दुरून कळसाचे दर्शन घेतात आणि समाधानाने मागे वळतात. मुक्काम हेच सर्वस्व असते, तर हे समाधान कोठून आले असते?

असे पुरावे गोळा करीत मी कित्येक वर्षे मित्रांना सांगत असे, की पोचण्यात काय आहे, चालण्यातच सारे आहे. सांगताना जरा रुबाबही वाटे. हा रुबाब एका रात्रीत उतरला. ती रात्र सांगणे मला आजही सोपे नाही. पण तिच्यावाचून पुढचे बोलणे पोकळ होईल.

१९७८ सालचा जुलै महिना. मी वास्कोला नोकरीला होतो. दुपारी तार आली, वडील अत्यवस्थ. आमचे गाव चोपड्यापासून कोसभर आत. जुवारीवर तेव्हा पूल नव्हता. तो १९८३ साली झाला. कुठ्ठाळीला फेरीबोटीची वाट पाहिली, आगशीला उतरलो, पणजीला गेलो, म्हापशाची बस धरली. म्हापशाहून शिवोलीला पोचेतो रात्रीचे दहा वाजून गेले होते. पाऊस कोसळत होता आणि फेरीबोट रात्रीसाठी बंद झाली होती. कोलवाळवरून वळसा घालायचा तर त्या वेळी वाहन मिळणे अशक्य. समोर शापोरा नदी फुगून वाहत होती. पलीकडे चोपड्याचा एक दिवा दिसत होता, अर्ध्या मैलाहूनही जवळ, आणि मला तिथे जाता येत नव्हते.

मित्रहो, त्या रात्री कोणी मला येऊन सांगितले असते, की प्रवासाचा आनंद प्रवासातच असतो, तर मी त्याला काय म्हटले असते हे या व्यासपीठावरून सांगण्याजोगे नाही. ज्याला पोचायची निकड नाही, त्यालाच वाटेचे कौतुक परवडते, हे मला त्या काठावर उमगले.

आमच्याकडे नदी उतरण्याच्या जागेला तर म्हणतात आणि उतरविणाऱ्याला तारी. मध्यरात्र उलटून गेल्यावर पाऊस थोडा उघडला, तेव्हा एका म्हाताऱ्या ताऱ्याने माझी दया येऊन होडी काढली. पैलतीर येईपर्यंत तो एकच वाक्य बोलला : “कोणाचो रे तूं?” मी वडिलांचे नाव सांगितले. त्याने मान हलविली आणि वल्हे अधिक जोराने मारू लागला. उतरल्यावर पैसे पुढे केले तर घेतले नाहीत. मी चिखलातून धावत घरी पोचलो तेव्हा पहाट होत होती. वडील दोन तासांपूर्वी गेले होते.

काही दिवसांनी आईने सहज बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. त्याआधी मी शेवटचा घरी आलो होतो तेव्हा परत जाताना वडील नेहमीप्रमाणे तरीपर्यंत पोचवायला आले होते. फेरीबोट सुटत होती, मी धावत चढलो आणि हात हलविला. घरी परतल्यावर वडील आईला म्हणाले होते, की पोरगा आज ‘येतो’ म्हणायला विसरला. त्यात तक्रार नव्हती. नुसती नोंद होती.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मला गुरुजींची लाल शाई आठवली आणि तिसरी बाजू कोणती हे ध्यानात आले. वाट आणि मुक्काम यांचा वाद घालताना, आपण निघालो कोठून, हे मी नऊ पानांत एकदाही लिहिले नव्हते. उंबरठा राहिला होता.

आपल्या भाषेकडे पाहा. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. तसे म्हणणे अशुभ मानतात. तो ‘येतो’ म्हणतो. कोकणीतही आपण ‘येतां’ असेच म्हणतो. पहिले पाऊल बाहेर टाकतानाच आपण परतीचे वचन देतो. दुसरा शब्द ‘मुक्काम’. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द खरे म्हणजे वाटेतल्या थांब्याचा. पण पत्रावर पत्ता लिहिताना आपण ‘मु. पो.’ लिहितो, म्हणजे आपल्या राहत्या गावालाच मुक्काम म्हणतो. ‘येतो’ म्हणणाऱ्याची वाट घरी संपते, आणि घरालाही आपण थांबाच म्हणतो. आपल्या भाषेने वाट, मुक्काम आणि घर यांना एकमेकांपासून कधी तोडलेच नाही. तोडले ते निबंधाच्या विषयाने.

एकदा ही दृष्टी आली की आपण ज्यांना वाटेचे साक्षीदार मानतो, त्यांची साक्षही वेगळी ऐकू येते.

‘चरैवेति’ हा शब्द आज पाट्यांवर, स्मरणिकांवर, भाषणांत सर्वत्र असतो. चालत राहा, असा त्याचा उपदेश. पण तो उपदेश कोणाला केला गेला? ऐतरेय ब्राह्मणातल्या शुनःशेपाच्या आख्यानात तो हरिश्चंद्राच्या मुलाला, रोहिताला केलेला आहे. हरिश्चंद्राला वरुणाच्या कृपेने पुत्र झाला, पण तोच पुत्र वरुणाला अर्पण करायचा अशी बोली होती. रोहित मोठा झाला, त्याला हे कळले आणि तो धनुष्य घेऊन अरण्यात निघून गेला. इकडे वरुणाने हरिश्चंद्राला ग्रासले, त्याचे पोट फुगले. वडील आजारी आहेत हे ऐकून रोहित गावाकडे निघाला, तो वाटेत ब्राह्मणाच्या वेषात इंद्र भेटला आणि म्हणाला, चालत राहा. असे पाच वेळा घडले. म्हणजे ज्या वचनाला आपण प्रवासाचा महामंत्र समजतो, ते आजारी बापाकडे निघालेल्या मुलाला मागे वळविण्यासाठी सांगितलेले आहे. शिवोलीच्या काठावरची रात्र ज्याने काढली, त्याला हे आख्यान वाचताना इंद्रापेक्षा रोहित जवळचा वाटतो. पाच वेळा वळविला तरी तो पुन्हा गावाकडेच निघत होता.

पाश्चात्त्यांकडेही असेच झाले आहे. अलेक्झांड्रियात राहणाऱ्या कवाफी या ग्रीक कवीची ‘इथाका’ ही कविता १९११ साली प्रसिद्ध झाली. प्रवास मोठा व्हावा, पोचण्याची घाई नको, असे सांगणारी म्हणून ती जगभर उद्धृत केली जाते. पण इथाका म्हणजे कोण्या परमुलखातले रम्य स्थळ नव्हे. ते ओडिसियसचे घर आहे. दहा वर्षांचे युद्ध आणि दहा वर्षांची भटकंती यांच्या शेवटी त्याला आपल्याच दारी पोचायचे आहे. घर नसते तर त्या भटकंतीला प्रवास हे नावही मिळाले नसते.

आणि आपले विष्णुभट? यज्ञ हुकला, दक्षिणा लुटली गेली, तरी त्यांच्या प्रवासाला एक मुक्काम होताच. ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन परतले आणि वरसईला येऊन आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. लुटारूंना त्या पाण्याचे मोल नव्हते, म्हणून ते उरले. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा झाशीच्या लढाईची पाने पुन्हापुन्हा वाचली होती. आता शेवटची पाने वाचतो. वारकरीही तसाच. तो बुक्का आणि प्रसाद घेऊन गावी येतो, तेव्हा जे गेले नाहीत ते त्याच्या पाया पडतात. वारी या शब्दातच जाऊन येणे आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळता कामा नये. जे परतले नाहीत त्यांचे काय? सोहिरोबा उत्तरेकडे गेले, ग्वाल्हेर-उज्जैनकडे वावरले आणि १७९२ साली उज्जैनला अंतर्धान पावले असे सांगतात. ते बांद्याला परत आले नाहीत. सप्तकोटेश्वर दिवाडीला परत गेला नाही. आणि आपल्या पेडण्याच्या सीमेवर, पत्रादेवीला, १५ ऑगस्ट १९५५ रोजी जे सत्याग्रही निःशस्त्र चालत आले, त्यांतले काही गोळीबारात तेथेच पडले. सहोदराबाई राय तिरंगा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. तेव्हा पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल पुढे सरसावला आणि त्याने छातीवर गोळी झेलली. पत्रादेवी हा काही त्यांचा मुक्काम नव्हता. ती तर वेस होती. त्यांना पणजी दिसली नाही आणि आपले गावही पुन्हा दिसले नाही. वाटेचा आनंद, मुक्कामाचा आनंद, ही भाषाच तेथे थिटी पडते.

मी यावर पुष्कळ विचार केला. मला एवढेच म्हणता येते, की जे परतत नाहीत त्यांचे परतणे मागे राहिलेल्यांच्या हाती असते. सोहिरोबा परतले नाहीत, पण त्यांची पदे परतली. आपल्या देवळांतल्या भजनात ती आजही म्हटली जातात. सप्तकोटेश्वर दिवाडीला गेला नाही, पण ज्या नार्व्याने त्याला आसरा दिला त्यालाच लोकांनी त्याचे घर केले. आणि पत्रादेवीच्या स्मारकापाशी आपण डोके टेकवितो तेव्हा पंजाबातून निघालेल्या त्या तरुणाला आपण घरी आणीत असतो. त्याच्या गावाचे नाव आपल्याला ठाऊक नसेल, तरी ते ऋण आपल्या गावावर आहे. वाट चालणाऱ्याची असते. परत आणणे हे सगळ्या गावाचे काम असते.

आता आजच्या काळाविषयी. माझ्या पिढीने नद्यांच्या काठी जितका वेळ उभे राहून काढला, तितका आजची मुले क्वचितच काढतील. शिवोली आणि चोपडे यांमध्ये आता पूल आहे; ज्या नदीने मला एक रात्र अडविले ती मोटार दोन मिनिटांत ओलांडते. आपल्याच तालुक्यातल्या तेरेखोलला जायला मात्र केरीहून आजही फेरीबोट लागते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली राष्ट्राला अर्पण झाला. त्या मार्गातला शेवटचा अडसर होता आपला पेडण्याचा बोगदा. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. पण कातळाऐवजी चिकणमाती, ती खणावी तशी पुन्हा ढासळे. कित्येक वर्षे ते काम चालले आणि कामगारांचे प्राणही गेले. ऑगस्ट २०२० मध्ये त्याची भिंत कोसळली आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरले, तेव्हा सारी वाहतूक खोळंबली आणि मग त्या बोगद्याची लोकांना आठवण झाली. एरवी गाडी तो थोड्या क्षणांत मागे टाकते आणि डब्यातला कोणी पुस्तकातून मान वर करीत नाही. आपला प्रवास सुखाचा होतो तेव्हा त्याच्या खाली कोणाचे तरी श्रम आणि कोणाचे तरी न परतणे असते, एवढे जरी मनात ठेविले तरी तो प्रवास कोरडा राहत नाही.

मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. ज्या पेडण्यातून आम्ही पायी नार्व्याला गेलो, त्या पेडण्यातून आता थेट परदेशी जाता येते. जग हरमल, मांद्रे, मोरजीला येते आणि आपली मुले जगाकडे जातात. आपली गावे दुसऱ्यांचा मुक्काम झाली आहेत. यात वाईट काही नाही. पण ज्यांच्यासाठी हे गाव केवळ चार दिवसांचा मुक्काम आहे, त्यांच्या नजरेने आपणही त्याच्याकडे पाहू लागलो, जमिनीला केवळ भाव आणि किनाऱ्याला केवळ भाडे दिसू लागले, तर ‘येतो’ म्हणायला उंबरठा उरणार नाही. ही भीती मला म्हातारपणाची वाटत नाही. ज्यांचे शेत गेले, ज्यांच्या आजोळची बाग गेली, ते या सभागृहातही बसले आहेत.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला माझे सांगणे उलट आहे. जाऊ नका असे मी म्हणणार नाही. जा. दुबईला जा, लंडनला जा, समुद्रापार जा. जिवबादादा बक्षी याच पेडणे महालातल्या केरीचे, आणि ते महादजी शिंद्यांचे सेनानी होऊन उत्तर हिंदुस्थान तुडवून आले. आपल्या मातीला लांबच्या वाटांची भीती कधीच नव्हती. पण जमेल तेव्हा थोडे पायी चाला, म्हणजे मधल्या गावांची नावे कळतील. पोचायचे तेथे मन लावून पोचा. नुसते छायाचित्र काढून वळू नका. आणि निघताना घाई कितीही असो, उंबरठ्यावर क्षणभर थांबा.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कित्येकजण आज दुरून आला आहात. कोणी मुंबईहून, कोणी पुण्याहून, कोणी परदेशातून खास या दिवसासाठी. गुरुजी असते तर त्यांनी तुम्हांला काय पाहिले, किती मिळविले, हे विचारले नसते. त्या नार्व्याच्या सहलीहून परतल्यावर प्रत्येक मुलाला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : वाटेत कोणाकडे पाणी प्यायलास? आम्हांला तो प्रश्न तेव्हा विचित्र वाटला. आज कळते, ज्याच्याकडे पाणी प्यायलो ते घर थोडेसे आपले होते, आणि एवढी घरे जोडीत गेले म्हणजे वाट, मुक्काम आणि घर यांतले अंतर कमी होत जाते. त्या रात्रीच्या ताऱ्यानेही मला तेच विचारले होते, कोणाचा रे तू? प्रवासात या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर आहे, त्याला आनंद कोठे आहे हे शोधावे लागत नाही. आणि कधीकधी आनंद नसतोही; तेव्हा निदान होडी मिळते.

गुरुजींनी दिलेला निबंध मी आज पुरा केला, असे मला वाटते. तो त्यांना आवडला असता की नाही, ठाऊक नाही. बहुधा त्यांनी खाली आणखी एक शेरा मारला असता आणि मला पुन्हा साठ वर्षे कामाला लावले असते.

माझे वय आता चौऱ्याहत्तर आहे. पुढच्या स्मृतिदिनाला मी या सभागृहात असेन की नाही, हे माझ्या हाती नाही. पण एकदा विसरलो होतो, ते पुन्हा विसरणार नाही.

येतो.